ढगातले एकशे अठरा पॅटर्न

४ सप्टेंबर, सकाळी ७.१०

नवी वही. निश्चय: रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, खरं लिहायचं. डिजिटल माणसाने कागदी वही का ठेवावी, असं कुणी विचारेल. विचारणार नाही, कारण कुणाला दाखवायचीच नाही. वहीला पासवर्ड लागत नाही, एवढंच कारण. पासवर्ड मला सगळे आठवतात. फक्त मागितले की आठवत नाहीत.

मुद्दा. लॅपटॉपवर लाल पट्टी आली आहे: जागा संपली. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा मी एकटा. म्हणजे हे माझ्याच गळ्यात येणार होतं.

सर्वांत जास्त जागा खाल्ली आहे हिच्या, म्हणजे बायकोच्या, फोल्डरने. फोल्डरचं नाव 'बेढब'. दुकानातले कपडे ज्यांना बसत नाहीत अशांचे कपडे ही शिवते. कुणाचा एक हात आखूड, कुणाच्या पाठीला बाक, कुणी चाकांच्या खुर्चीत. गेली सोळा वर्षं प्रत्येकाचा कागदी पॅटर्न हिने कापून जपून ठेवला. एकशे अठरा झाले. आता त्यांचं पुस्तक निघणार आहे. प्रकाशिका स्वतः घरी येऊन बोलून गेल्या. सगळं ३१ ऑक्टोबरला त्यांच्या हातात द्यायचं. उशीर झाला तर पुस्तक यादीतून जाणार. पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही, असं त्या चहा पिता पिता सहज म्हणाल्या. ही त्या रात्री जेवलीच नाही, नुसती हसत होती.

सुट्टीत मुलगी आली होती. तिने सगळ्या पॅटर्नचे फोटो काढले, हिने सांगितलेल्या टिपा टाइप केल्या, सगळं क्लाउडला जोडून दिलं आणि नोकरीच्या गावी परत गेली. पाया तिचा, हे मी मान्य करतो. व्यवस्थापन आता माझं.

४ सप्टेंबर, संध्याकाळी

फोल्डर उघडून पाहिला. टिपा अगदीच अशास्त्रीय. नावं नाहीत, काही नाही. क्र. १७: 'बँकेतली. उजवा हात कोपरापर्यंत. डावी बाही आधी जोडावी, म्हणजे ती स्वतः घालून बघेल.' क्र. ६३: 'चाकांची खुर्ची. कोट मागून आखूड, नाहीतर बसल्यावर गोळा होतो.' क्र. ४१: 'घरातला. डावा खांदा खाली. सांगू नये.'

हा मेहुणा. चालतोच एका बाजूला कलून. बिचाऱ्याला कल्पना नसणार. मीही सांगणार नाही.

माझं बरं आहे. माझे खांदे पट्टीने आखल्यासारखे. परवाच साहेब म्हणाले, तुम्ही काय ताठ चालता हो या वयात. लग्नापासून माझे शर्ट हीच शिवते. मेहुण्याने एकदा दुकानातला आणून दिला होता, तो कंपनीने डावीकडे चुकीचा कापलेला निघाला. परत केला.

६ सप्टेंबर

आज मोठं काम. प्रत्येक फाइलवर हिरवी टिक आहे. हिरवी टिक म्हणजे फाइल वर पोहोचली. मग कपाटामागचे खाकी कागदांचे गठ्ठे कशाला? धूळ, कसर, वर माझ्या शिंका. हिला म्हटलं, रद्दीत देऊ.

हिने तीनदा विचारलं, नक्की राहील ना वर. तिन्ही वेळा मी म्हटलं, मी आहे ना. चौथ्यांदा म्हणाली, आणि आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं. तांत्रिक चर्चेत म्हणी आणू नयेत, असं मी शांतपणे सांगितलं. ही गठ्ठ्यांवरून हात फिरवत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, न्या.

कपाटामागे आता सहा इंच जागा झाली आहे. त्या जागेत काय ठेवायचं ते ठरायचं आहे.

९ सप्टेंबर, सकाळी ११

लाल पट्टी तशीच! विचार केला. उत्तर लगेच सापडलं. फाइल वरही आहेत आणि लॅपटॉपवरही. एकच वस्तू दोन जागी ठेवायची म्हणजे जागेची उधळपट्टी. 'बेढब' फोल्डर लॅपटॉपवरून काढून टाकला. मध्ये एक चौकट आली, बरंच काही लिहिलेलं होतं. अशा सूचना अडाण्यांसाठी असतात. 'हो' दाबलं.

लाल पट्टी गेली. लॅपटॉप हलका वाटतो. उचलूनही पाहिला.

हिला बोललो नाही. हॉस्पिटलच्या गणवेशांची ऑर्डर चालू आहे, दहा ऑक्टोबरपर्यंत ती पुस्तकाकडे बघणारही नाही.

१२ सप्टेंबर

क्लाउडवाल्यांची मेल. 'आपण मोठ्या संख्येने फाइल काढल्याचं आमच्या लक्षात आलं आहे.' लक्षात आलं म्हणजे बघतात ही मंडळी. एवढी शिस्तबद्ध साफसफाई कमी लोक करत असतील. पण कौतुक एकदा पुरे. त्यांच्या मेल आपोआप 'जाहिराती'मध्ये जातील अशी सोय केली.

१५ सप्टेंबर

ऑफिसमध्ये आनंदाची बातमी. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात सर्वांसाठी एक व्याख्यान ठेवायचंय: डेटाची सुरक्षितता. साहेबांनी विचारलं, कोण बोलेल. सगळे खाली बघत होते. मी वर बघत होतो. ९ ऑक्टोबर ठरलं. रेकॉर्ड विभागाचा प्रमुख म्हणून हे माझ्याकडे येणं नैसर्गिकच.

मुलीला फोन केला. अभिनंदन राहिलं बाजूला, तिने विचारलं, बाबा, आईचं सगळं तीन ठिकाणी ठेवलंय ना, एखादी बाहेरची डिस्क घेतली का. मी म्हटलं, तीन बऱ्या जागांपेक्षा एक उत्तम जागा बरी. ती म्हणाली, बाबा, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तेवढ्यात साहेबांचा फोन येत होता म्हणून मी ठेवला. तो साहेबांचा नव्हता. पण येऊ शकला असता.

तिचं वाक्य मात्र छान आहे. भाषणात घ्यावं. अर्थ नंतर बघू.

१९ सप्टेंबर, दुपारी १.३०

डबा खाताना क्लार्कला फोनवरून 'बेढब' दाखवायला गेलो. फोल्डर दिसत नाही. फोनचा स्क्रीन लहान आहे.

१९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४०

लॅपटॉपवरही दिसत नाही. वेबसाइटवरही नाही. एक गोल बाण फिरतो आहे. म्हणजे काम चालू आहे. एकशे अठरा फाइल म्हणजे काही खायचं काम नाही, वेळ लागणारच. आपण बघत बसलो की अजून लागतो. उठून दोन चकरा मारल्या. बाण फिरतोच आहे.

२० सप्टेंबर

बाण.

२२ सप्टेंबर

लॉग-आऊट, लॉग-इन. पुन्हा लॉग-आऊट. मग पासवर्ड आठवेना, म्हणून नवं खातं उघडलं. आता माझ्या भाषणाच्या सात प्रती झाल्या आहेत: 'भाषण', 'भाषण १', 'भाषण अंतिम', 'भाषण अंतिम खरंच', आणि तीन अशा, ज्यांच्यापुढे क्लाउडने स्वतःहून 'विसंगत प्रत' असं लिहिलंय. माझ्या भाषणाला विसंगत म्हणणारा तो कोण?

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. क्लाउड फाइल हरवत नाही. उलट वाढवतो. 'बेढब'चंही तसंच होईल.

आज तीनदा उठून राउटर बंद-चालू केला. ही म्हणाली, तुम्हाला काय मुंग्या चावतायत का. मी म्हटलं, देखभाल.

२७ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सहज, चौकशी म्हणून, एका मित्राची अडचण म्हणून. त्याने मान वर न करता विचारलं, मित्राने क्लाउडची कचरापेटी बघितली का. तिथे तीस दिवस राहतं, मग कायमचं जातं.

मला ते खटकलं. आमच्या घरातली वस्तू कचऱ्यात? मी काढली ती लॅपटॉपवरून काढली, जपून ठेवायला. ती कचऱ्यात जाईलच कशी? तरी माहिती कामाची. तीस दिवस. आज सत्तावीस. म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत मुदत. भरपूर आहे. भाषण झालं की निवांत बघू. दोन कामं एकदम केली की दोन्ही बिघडतात.

३ ऑक्टोबर

झोप नीट नाही. भाषणाचा ताण, दुसरं काही नाही.

आरशासमोर तालीम केली आणि तिचे व्हिडिओ काढले. अकरा झाले. लॅपटॉपवर 'बेढब' काढून जी जागा मोकळी झाली होती ती बरोबर कामी आली. व्हिडिओत मी निळा शर्ट घातलाय. खांदे फार छान दिसतात.

ही गणवेशांना काजं करत होती. आठवड्याभरात मोकळी होईन म्हणाली. म्हणाली, मग पहिला सतरा नंबर उघडणार, तिचं पहिलं पान करायचंय. मी पाणी प्यायला आत गेलो. तहान नव्हती.

९ ऑक्टोबर

व्याख्यान झालं. उत्तम झालं. साहेब डोळे मिटून ऐकत होते. 'सिंक म्हणजे बॅकअप नव्हे' या वाक्यावर टाळ्या पडल्या.

शेवटी टायपिस्ट बाईंनी प्रश्न विचारला. म्हणजे सर, इथलं काढलं की तिकडचंही जातं, म्हणून तो बॅकअप नाही, असंच ना?

सभागृहात उकाडा फार होता. पंखे चालू होते, पण उकाडा होता. मी म्हणालो, फार चांगला प्रश्न. मग आभारप्रदर्शन झालं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.५५

'जाहिराती' उघडल्या. क्लाउडवाल्यांच्या पाच मेल. शेवटची आजची, सकाळची. 'काढलेल्या फाइल आज कायमच्या नष्ट होतील.' पासवर्ड एकदाचा आठवला, जुन्या खात्याची कचरापेटी उघडली.

स्वच्छ.

तीस दिवस मी सत्तावीस सप्टेंबरपासून मोजत होतो. त्यांनी नऊपासून मोजले. हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. (दुसऱ्या मेलमध्ये सांगितलं होतं.)

१० ऑक्टोबर, सकाळी ८

ऑर्डर संपली. हिने टेबल पुसलं, चष्मा पुसला, लॅपटॉप ओढला. मी राउटरची पिन काढली. म्हटलं, नेट गेलंय, दोन-तीन दिवस जाईल असं ऐकलं. ही म्हणाली, कुणाकडून ऐकलं. म्हटलं, सगळीकडे बोलतायत.

ही कोऱ्या कागदावर हाताने अर्पणपत्रिका लिहीत बसली.

११ ऑक्टोबर

दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप नेला. मित्र वगैरे आज काढला नाही. त्याने तीन तास ठेवून घेतला. म्हणाला, काढलेलंसुद्धा कधी कधी मिळतं, पण त्या जागेवर नंतर मोठं काही साठवलं की संपलं. तुम्ही काही साठवलंत का?

अकरा व्हिडिओ. खांदे छान दिसतात.

१२ ऑक्टोबर

घराबाहेर जिन्यात उभं राहून मुलीला सगळं सांगितलं.   ती एकेक शब्द तोडून म्हणाली, बाबा, माझा जुना लॅपटॉप आहे घरी. चार्जर मोडला म्हणून सुट्टीत ठेवून दिला, तेव्हापासून बंद आहे. त्यात फोल्डर असणार. पण नेटशी जोडला गेला, की इथलं काढलेलं तिथलंही काढलं जाईल. आधी राउटर बंद. मग चालू करा. मग सगळं पेन ड्राइव्हवर घ्या. दुसरं काहीही करू नका. परत म्हणून दाखवा.

मी म्हणून दाखवलं. राउटर तर मी आधीच बंद ठेवलाय. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

१३ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

ही बटणं आणायला बाजारात गेली आहे. दुरुस्तीवाल्याने चार्जर दिला. जुना लॅपटॉप चालू झाला.

आहेत! सगळ्या आहेत. एकशे अठरा. सतरा आहे, त्रेसष्ट आहे, मेहुणा आहे. मी खुर्चीतून उठून खोलीत फेरी मारली. डोळ्यांत पाणी आलं. लिहून ठेवतो, कारण आजचा दिवस लिहिण्यासारखा आहे.

१३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

पेन ड्राइव्ह शोधला. एकच आहे आणि त्यात व्याख्यान भरलंय, सातही प्रती. तो पुसायचा म्हणजे व्याख्यान जाणार. साहेब परत मागू शकतात. शिवाय विचार केला: एवढा जीव टाकून मिळालेला ठेवा एकाच जुनाट मशीनवर ठेवायचा? उद्या बंद पडलं तर? परवाच व्याख्यानात मी म्हणालो होतो, मौल्यवान वस्तू ताबडतोब सुरक्षित जागी हलवा.

म्हणून ताबडतोब क्लाउडवर चढवायला राउटर लावला.

गोल बाण फिरला. मग वरून एकेक नाव जायला लागलं. एकशे अठराचे एकशे दोन. मी राउटरकडे धावलो. पिन लावलेला एक्स्टेंशन बोर्ड कपाटामागे, त्या सहा इंचांत पडला होता. हात जाईना. एक्काहत्तर. तीस. कपाट ओढलं. पिन हातात आली तेव्हा फोल्डर उघडाच होता. आत काहीच नव्हतं.

लॅपटॉप घेऊन पळत दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने बघितलं, या प्रकारच्या डिस्कवर काढलेलं लगेच पुसलं जातं म्हणाला, आणि परत दिला. पैसेही घेतले नाहीत.

१३ ऑक्टोबर, दुपारी

ही आली. सांगितलं. क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडातून पहिलं वाक्य निघालं, ते सगळे गेले.

ही बटणांची पुडी सोडत होती. विचारलं, किती. म्हटलं, सगळे. पुडी तशीच हातात धरून बसली. म्हणाली, माझी सोळा वर्षं होती ती.

मग तिने विचारलं, रद्दीवाल्याने कागद कुठे नेले असतील. मी म्हटलं, लगदा झाला असेल. नको होतं म्हणायला.

बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. उद्या बाहेरची डिस्क आणतो, असं मी म्हणालो. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी बाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो, तीनदा. मला वाईट वाटतं आहे. फार वाईट वाटतं आहे. याला कारण काढायला बसलो, पण एकही सापडलं नाही.

१४ ऑक्टोबर

सकाळी ही उठली ती वेगळीच. म्हणाली, रागवायचंय, पण आत्ता वेळ नाही. गिऱ्हाइकांच्या मापांची जाड वही काढली (कागदी, याबद्दल मी काही बोललो नाही) आणि एकेकाला फोन लावायला बसली. सगळ्यांना एकच प्रश्न: मी शिवलेला एखादा कपडा अजून आहे का घरात? जुना असला तरी चालेल. फाटका असला तर फारच छान.

मला कळेना. विचारलं. ती म्हणाली, पॅटर्नवरून कपडा होतो, तसा कपड्यावरून पॅटर्न निघतो. उसवला की भाग सुटे होतात, कागदावर ठेवून आखले की झालं.

हे मला आधी सुचायला हवं होतं. म्हणजे सुचलंच असतं.

१६ ऑक्टोबर

पुढच्या खोलीत माणसंच माणसं. बँकेतली बाई आली, दोन कोट घेऊन. चाकांच्या खुर्चीतले गृहस्थ आले, ते उंबऱ्याशी अडले, त्यांना मी आणि बँकेतल्या बाईने मिळून उचललं. तिने एका हाताने जेवढं उचललं तेवढं मी दोन्हींनी नाही.

मला काम मिळालं: टीप उसवणं, आखणं आणि ही सांगेल ती टीप लिहिणं. हाताने. लॅपटॉपला हात लावायचा नाही, असा करार.

दोन तासांत तीन ठिकाणी बोट टोचलं. आज नऊ पॅटर्न झाले.

२० ऑक्टोबर

अठ्ठेचाळीस. दोन दिवसांची रजा मुलीने टाकली, आली. फोटो पुन्हा काढले. तीन डिस्कवर ठेवले: एक इथे, एक तिच्याकडे, एक प्रकाशिकांकडे. पासवर्ड मला सांगितला नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच. मीही हेच सुचवलं असतं.

२३ ऑक्टोबर

एक म्हातारे घड्याळजी आले. त्यांच्या बायकोचा कोट होता, ती वारली त्याला चार वर्षं झाली. पाठीला बाक होता तिच्या. कोट कागदात गुंडाळून आणलेला. उसवायचा म्हटल्यावर त्यांनी तो छातीशी धरला.

ही म्हणाली, एक टाकासुद्धा काढत नाही, काका, बसा तुम्ही. कोट टेबलावर पसरला, वर पातळ कागद ठेवला आणि बोटांनी शिवण चाचपत चाचपत टाचण्या लावल्या. दोन तास. मी टाचण्या पुरवत होतो. त्यांनी शेवटी घडी स्वतः घातली आणि हिच्या डोक्यावर हात ठेवला.

मला मध्येच राउटर तपासायला जावंसं वाटलं. उगाच. नेट चालू होतं.

२७ ऑक्टोबर

एकशे अकरा. आता येणारं कुणी उरलं नाही. काहीजण गाव सोडून गेले, काहींचे फोन लागत नाहीत, एकीने कोट कुणाला तरी देऊन टाकला. ज्या दिवसापर्यंत कचरापेटीत सगळं राहील असं मी धरून चाललो होतो, तो दिवस आजचा. हे कुणाला बोललो नाही.

यादी तपासताना लक्षात आलं, एक्केचाळीस राहिलाय. घरातला. म्हटलं, मेहुण्याला उद्या बोलावून घेतो, त्याला कारण सांगत नाही, त्याचा एखादा शर्ट काहीतरी निमित्त काढून मागतो. तू काळजी करू नकोस, तुझ्या भावाला काही कळू देणार नाही.

ही कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, त्याचं नंतर बघू.

३० ऑक्टोबर, संध्याकाळी

उद्या द्यायचं. मी पुन्हा म्हटलं, मेहुण्याचं काय. तू सांगत नसलीस तर मीच फोन करतो. फोन हातात घेतला.

ही म्हणाली, ठेवा तो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शर्ट काढा.

मला वाटलं, बटण वगैरे तुटलं असेल. काढून दिला. निळा होता. तिने डावा खांदा उलटा केला आणि टीप उसवली. आतून एक चपटी, शिवलेली गादी निघाली, तीन पदरी. मग उजवा उसवला. त्यात काही नव्हतं.

मी विचारलं, ही फॅशन कधीची. तिने भाग सुटे केले, कागदावर ठेवले, आखले. मग म्हणाली, घ्या लिहून. आणि सांगायला लागली. मी बनियनवर बसून लिहिलं. माझंच अक्षर आहे:

'क्र. ४१. घरातला. डावा खांदा पाऊण इंच खाली. गादी आतून, अस्तराच्या खाली, हाताला लागणार नाही अशी. दर दोन वर्षांनी जाडी बघावी, वयाबरोबर वाढते.'

एवढं सांगून ती थांबली. मी म्हटलं, पुढे एक वाक्य होतं. सांगू नये. ती म्हणाली, ते आता नको.

३१ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

एकशे बारा. सहा गेलेच. प्रकाशिका दहाला येणार.

आरशासमोर उभा राहिलो. हिची मापाची टेप घेऊन मोजलं. पाऊण इंच. तीनदा मोजलं. टेप बरोबर आहे.

ऑफिसला जायला दुसरा शर्ट काढला. घालण्याआधी डाव्या खांद्यात बोट घालून चाचपलं. आहे. मग कपाटातले सगळे काढले, पलंगावर मांडले, एकेक तपासला. जुना पिवळा, जो मी वापरतसुद्धा नाही, तोही.

नऊ शर्ट. नऊच्या नऊ.